प्रज्योत वितळजोडकाम यंत्रांचे अंशशोधन व वैधता-तपासणी

प्रज्योत वितळजोडकाम म्हणजे विजेच्या प्रज्योतीच्या (आर्कच्या) उष्णतेने केलेले वेल्डिंग. त्याच्या यंत्रावरील मापके जो विद्युत् प्रवाह व विद्युत् दाब (व्होल्टेज) दाखवतात, तो अधिक अचूक मापकाशी ताडून फरक नोंदवणे म्हणजे अंशशोधन. यंत्रावर लावलेले मूल्य ठरलेल्या मर्यादेत प्रत्यक्ष मिळते का, हे पाहणे म्हणजे वैधता-तपासणी. कारखान्यांत दोन्हींना सरसकट ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात. यंत्र जुळवून देणे हा मात्र अंशशोधनाचा भाग नाही. मापनशास्त्राच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहात ‘वैधता’ हा शब्द अधिक व्यापक अर्थाने, म्हणजे अपेक्षित उपयोगासाठी पुरेसे असणे या अर्थाने येतो. येथे वेल्डिंगच्या मानकांतील मर्यादित अर्थ धरला आहे.

प्रघात जुना असावा; त्याची स्वतंत्र संहिता मात्र १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये बी.एस. ७५७० या रूपाने आली. पुढे २००८ मध्ये युरोपीय ई.एन. ५०५०४ व २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय आय.ई.सी. ६०९७४-१४ ही मानके निघाली. साधारण श्रेणीच्या यंत्राला प्रवाहात ±१० टक्के फरक चालतो. अचूक श्रेणीत वरच्या पट्ट्यात तो ±२.५ टक्के इतकाच. तपासणी प्रज्योतीऐवजी रोधभारावर (यंत्राला जोडलेल्या स्थिर विद्युत् रोधावर) करतात, कारण प्रज्योत स्थिर राहत नाही. भारावरील दाब सूत्राने ठरतो: हाताने चालवायच्या इलेक्ट्रोडसाठी २० + ०.०४ × प्रवाह, टिगसाठी (टंगस्टन इलेक्ट्रोडचे वेल्डिंग) १० + ०.०४ × प्रवाह, मिग-मॅगसाठी (वायूच्या आवरणात सतत पुढे सरकणाऱ्या तारेचे वेल्डिंग) १४ + ०.०५ × प्रवाह. म्हणजे ३०० अँपिअरला अनुक्रमे ३२, २२ व २९ व्होल्ट.

दाब कोठे मोजला हे अनेकदा दुर्लक्षित राहते. ७० चौ. मिमी. तांब्याच्या केबलची जाता-येता लांबी ४० मीटर असेल, तर ३०० अँपिअरला सुमारे ३ व्होल्ट वाटेतच जातात. यंत्राच्या अग्रांवरचे वाचन प्रज्योतीचा दाब मानले, तर उष्णता जवळपास दहा टक्के जास्त धरली जाते.

खरा वाद स्पंदित (आलटून पालटून कमी-जास्त होणाऱ्या) प्रवाहाचा आहे: सरासरी मूल्य घ्यावे की वर्गमध्यमूळ (आर.एम.एस., म्हणजे वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ)? समजा, निम्मा वेळ ४०० अँपिअर व ३० व्होल्ट आणि निम्मा वेळ १०० अँपिअर व २० व्होल्ट आहे. सरासऱ्यांचा गुणाकार ६,२५० वॅट येतो, वर्गमध्यमूळांचा सुमारे ७,४३०. प्रत्यक्ष शक्ती ७,००० वॅट. क्षणाक्षणाच्या प्रवाह-दाबाच्या गुणाकारांची सरासरी घेणे हीच पद्धत भौतिकदृष्ट्या निर्दोष ठरते. तीसाठी जलद नमुने घेणारे मापक लागते. अमेरिकन बॉयलर संहितेने तरंगनियंत्रित (प्रवाह-दाबाच्या तरंगाचा आकार यंत्रच नियंत्रित करते अशा) वेल्डिंगसाठी हीच पद्धत स्वीकारली आहे. जुनी मापके कोणते मूल्य दाखवतात, हे अंशशोधनाच्या दाखल्यावर लिहिलेले असणे म्हणूनच अत्यावश्यक.

तपासणी वर्षातून एकदा करण्याचा प्रघात आहे. साध्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डर टाँगटेस्टरने (केबलभोवती चिमट्यासारखे लावायच्या मापकाने) प्रवाह मोजून काम करत असेल, तर प्रत्येक यंत्राऐवजी त्या टाँगटेस्टरचे अंशशोधन पुरे होऊ शकते. भारतात असे अंशशोधन सामान्यतः एन.ए.बी.एल. (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत होते.