दोन गाड्यांमधले अंतर

पॅरिस मेट्रोची १ क्रमांकाची मार्गिका १९०० साली सुरू झाली आणि २०१२च्या अखेरीस तिच्यावरची प्रत्येक गाडी चालकाविना धावू लागली. अशा मेट्रोबद्दल बोलताना चर्चा चालक नसल्याचीच होते. प्रवाशाला खरा लाभ मिळतो तो दोन गाड्यांमधले अंतर घटल्याने. या मार्गिकेवर ऐन गर्दीत ८५ सेकंदांच्या अंतराने गाड्या सोडता येतात.

ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते. उभ्या प्रवाशांचा तोल जाऊ नये म्हणून हा वेग दर सेकंदाला ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपासच उतरवला, तर गाडी थांबेपर्यंत अडीचशे मीटर सहज जातात. म्हणजे मागच्या गाडीला एवढी मोकळी जागा हवीच. जुन्या सिग्नल पद्धतीत मात्र रूळ ठरावीक तुकड्यांत, म्हणजे ब्लॉकमध्ये, विभागलेले असतात. ब्लॉकमध्ये गाडी आहे एवढेच कळते, नेमकी कुठे ते कळत नाही. म्हणून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत अख्खा ब्लॉक मागच्या गाडीला बंद राहतो.

सीबीटीसी (म्हणजे रेडिओ संपर्कावर आधारलेले गाडी-नियंत्रण) या नव्या प्रणालीत गाडी चाकांच्या फेऱ्यांवरून स्वतःची जागा मोजते, रुळांमध्ये बसवलेल्या खुणांवरून त्या मोजणीतली चूक सुधारते आणि रेडिओवरून ती सतत कळवत राहते. त्यामुळे बंद टापू पुढच्या गाडीबरोबर सरकत जातो. संपर्क तुटला, तर पुढे जाण्याची परवानगी संपते आणि गाडी ब्रेक लावते.

भारतातली पहिली चालकविरहित मेट्रो २८ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीच्या मॅजेंटा मार्गिकेवर धावली. मुंबईत एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या २अ आणि ७ या मार्गिकांच्या गाड्यांतही ती क्षमता आहे.

मुंबईच्या लोकल अशा स्वयंचलित करायच्या, तर अडचण सिग्नलइतकीच दारांचीही आहे. दार बंद झाल्याचा संकेत मिळाल्याशिवाय स्वयंचलित गाडी हलत नाही. आपल्या साध्या लोकलची दारे तर उघडीच असतात आणि त्यांत माणसे लोंबकळतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ अशीच माणसे रुळांवर पडून जिवानिशी गेली. त्यानंतर साध्या डब्यांनाही स्वयंचलित दारे बसवण्याचे ठरले, आणि बंद डब्यात घुसमट होऊ नये म्हणून दारांना झडपा व छतावर हवा खेळवणारी यंत्रे बसवण्याचा आराखडा पुढे आला.