थव्यातील सावधता

एकत्र चरणाऱ्या किंवा विसावणाऱ्या पक्ष्यांनी आपापले काम न थांबवता धोक्यावर मिळून लक्ष ठेवण्याच्या वर्तनास थव्यातील सावधता म्हणतात. मुंबईकरांना ते पाहायला लांब जावे लागत नाही. हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत ओहोटीच्या वेळी शिवडीच्या जेट्टीवर किंवा ऐरोलीच्या खाडीकाठी दुर्बीण घेऊन उभे राहिले की पुरते.

थवा पहारेकरी नेमतो, असा समज सर्वत्र आहे. बहुतेक पाणपक्ष्यांत तसे नसते. प्रत्येक पक्षी चरता चरता मान वर करतो, क्षणभर पाहतो आणि पुन्हा खाण्याला लागतो. सगळ्यांच्या माना एकाच वेळी खाली जात नाहीत, यावरच हा कारभार चालतो. पर्यावरणशास्त्रज्ञ एच. आर. पुलियम यांनी १९७३ मध्ये हे गणिताने मांडले : थवा जितका मोठा, तितकी निदान एकाला तरी शत्रू दिसण्याची शक्यता अधिक, म्हणून प्रत्येकाला पाहण्यात कमी वेळ घालवून भागते. त्याआधी १९७१ मध्ये उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी दुसरी बाजू दाखवली होती. शत्रूचा घाव कडेच्यावर आधी पडतो, त्यामुळे जो तो मध्यभागी सरकू पाहतो. कडेचे पक्षी अधिक वेळा मान वर करतात ते यामुळेच. मॅलार्ड बदकांवरील १९९९ च्या अभ्यासात रांगेच्या टोकाची बदके एक डोळा उघडा ठेवून झोपताना आढळली, आणि तो डोळा बहुधा बाहेरच्या बाजूचा होता.

फ्लेमिंगोला ही वाटणी विशेष गरजेची, कारण तो चोच उलटी करून चिखलपाण्यात घालतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर खेळवत सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. तेवढा वेळ त्याचे डोके पाण्यालगत असते. खाडीवर दलदली भोवत्या (मार्श हॅरियर) हा शिकारी पक्षी कमी उंचीवरून उडत आला की आधी एक-दोन माना उंचावतात, मग शेजारच्या, आणि तो ताठपणा थव्यात पसरत जातो. पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटते. चिखलात माणूस किंवा कुत्रा उतरला तर मात्र थवा आधी एका दिशेने चालू लागतो, मग धावत पंख पसरतो. छायाचित्रासाठी पुढे सरकणाऱ्याने माना उंचावल्याबरोबर थांबावे. ओहोटीचे मोजके तास हीच या पक्ष्यांची जेवणाची वेळ असते.

पेलिकनमध्ये हालचालीला याहूनही मोल आहे, कारण विणीच्या वसाहतीबाहेर प्रौढ पेलिकन जवळजवळ मुका असतो. अंगही जड. मोठ्या पांढऱ्या पेलिकनचे वजन १० किलोहूनही अधिक भरू शकते, आणि पाण्यावर पाय मारत धावल्याशिवाय त्याला उडता येत नाही. धोका लवकर कळला नाही तर उपयोग नाही. हेच पक्षी मासेमारीला घोड्याच्या नालेसारखी रांग धरतात, मासे उथळ पाण्याकडे रेटतात आणि एका तालात चोची बुडवतात. भारतीय ठिपकेदार चोचीचा पेलिकन बहुधा एकेकटा किंवा लहान गटात मासे धरतो. घरटी मात्र तो वसाहतीतच करतो. कर्नाटकातील कोक्करेबेळ्ळूर गावात ती घरांलगतच्या चिंचेच्या झाडांवर असतात, आणि तिथल्या माणसांच्या ये-जा करण्याने ती वसाहत उधळत नाही. कोणाला किती घाबरायचे हे पक्षी अनुभवाने ठरवतात, याचा यापेक्षा चांगला दाखला क्वचितच मिळेल.

ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. भरतीत चिखल बुडाला की थवे नवी मुंबईतील नेरूळ-सीवूड्स भागातल्या पाणथळींवर विसाव्याला जातात. या पाणथळी कोरड्या पडल्या किंवा बुजल्या तर विसाव्याच्या वेळी पक्ष्यांना शहरावरून जागा शोधत फिरावे लागते. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर परिसरात विमानाची धडक बसून सुमारे ४० फ्लेमिंगो मेले. शेकडो डोळ्यांची ही सावधता भोवत्याच्या आणि कोल्ह्याच्या वेगाला पुरते. अंधारात उतरणाऱ्या विमानाच्या वेगापुढे ती चालत नाही.