जुन्या नंबरावर नवा चष्मा का करून देत नाही?

“चष्मा फुटला आहे, यातलाच नंबर काढून तसाच दुसरा करून द्या,” अशी मागणी आमच्याकडे वारंवार होते आणि तपासणीशिवाय ऑर्डर घेत नाही असे सांगितल्यावर काही ग्राहक नाराज होतात, म्हणून आमचे म्हणणे येथे मांडत आहोत.

दुकानातील लेन्सोमीटर काचेचा नंबर सांगतो, डोळ्याचा नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या काचेवरून केलेला चष्मा पुष्कळदा चार दिवसांत ‘डोके दुखते, अक्षर नीट लागत नाही’ म्हणून परत येतो. मग तपासणी होते, काचा नव्याने मागवाव्या लागतात आणि वाचवायला निघालेल्या वेळाच्या दुप्पट वेळ जातो. एकाच्या मापाने केलेल्या काचा दुसऱ्याला देता येत नसल्याने नुकसानही होते.

मधुमेह असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे. रक्तातील साखर वाढली की डोळ्यातील नैसर्गिक भिंग फुगून नंबर बदलतो आणि साखर आटोक्यात आल्यावर तो पुन्हा बदलतो. त्यामुळे नुकतेच औषध सुरू झाले असेल, तर काही आठवडे थांबण्याचा सल्ला आम्ही स्वतःच देतो, मग ऑर्डर लांबली तरी चालेल. डोळ्याच्या पडद्याची तपासणी मात्र नेत्रतज्ज्ञांकडून दरवर्षी करून घ्यावी. साठीनंतर जवळचा चष्मा आपोआप सुटला, तर घरात आनंद होतो, पण ती मोतीबिंदूची सुरुवात असू शकते.

याहून गंभीर गोष्ट काचबिंदूची आहे. त्याच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, समोरचे नीट दिसत राहते आणि बाजूची नजर हळूहळू जाते. गेलेली नजर कोणत्याही उपचाराने परत येत नाही. केवळ नंबर काढून हा आजार कळत नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. म्हणूनच चाळिशी ओलांडलेल्यांना, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असल्यास, डोळ्याचा दाब आणि नस तपासून घेण्यासाठी आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे पाठवतो. लहान मुलांचा पहिला नंबरही त्यांच्याकडेच, थेंब घालून काढावा, कारण मुले नजर ताणून वाचतात आणि नंबर चुकतो.

सहा महिन्यांच्या आतील चिठ्ठी असेल आणि दिसण्याची काही तक्रार नसेल, तर त्यावर चष्मा लगेच करून मिळेल. एरवी येताना जुना चष्मा आणि आधीची चिठ्ठी आणावी. आमच्याकडील नंबर तपासणी विनामूल्य आहे, चष्मा येथेच घ्यावा अशी अट नाही आणि नंबर बदललेला नसल्यास तसे सांगून स्क्रू व नाकावरील पॅड नीट करून देतो. जुनी फ्रेम मजबूत असेल, तर तिच्यातच नव्या काचा बसवता येतात. चष्म्यावाचून अडत असल्यास, नवा तयार होईपर्यंत मोडलेला चष्मा तात्पुरता जोडून देण्याचा आम्ही प्रयत्न करतो.