उडतो ते चालतं, मग चष्मा का खटकतो?

गोकाकला घटप्रभेचं पाणी ५२ मीटर खाली कोसळतं. पावसाळ्यात तिथल्या झुलत्या पुलावर उभं राहिलं की धडधाकट माणसाच्याही पोटात गोळा येतो. समजा, त्या कड्यावरून कुणी तोल जाऊन पडलं. हवेचा अडथळा सोडून दिला, तर तळाशी पोचायला त्याला जेमतेम सव्वातीन सेकंद लागतील आणि त्या क्षणी त्याचा वेग असेल ताशी ११५ किलोमीटर. सुपरहिरोंच्या सिनेमात अशा वेळी काय होतं ते आपल्याला तोंडपाठ आहे. नायिका कातळावर आपटायला हातभर अंतर उरलेलं असतं, कुठून तरी लाल झूल फडफडत येते आणि नायक तिला अलगद झेलतो. शिट्ट्या.

इथला हिशोब पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. जेवढ्या उंचीवरून पडलं, त्याला थांबायला मिळालेल्या अंतराने भागायचं. नायकाने तिला अर्ध्या मीटरात थांबवलं, तर ५२ भागिले अर्धा, म्हणजे १०४. तिच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीहून जास्त जोर तिच्या अंगावर येणार. ५० किलोच्या मुलीवर पाच टनांचा. नायकाचे हात पोलादाचे असल्यामुळे ते तसूभरही मागे सरणार नाहीत, ही आणखी वाईट बातमी. खालचा कातळ आणि हे हात यांत तिच्या दृष्टीने फार फरक उरत नाही. गल्लीत क्रिकेट खेळणारं पोरगंसुद्धा कॅच घेताना हात मागे नेतं, ते उगीच नाही. नायकाला तिला खरंच वाचवायचं असेल, तर त्याने तिला अर्ध्या वाटेवर, २६ मीटरवर गाठावं, तिच्याच वेगाने खाली जात राहावं आणि उरलेल्या २६ मीटरांत वेग हळूहळू उतरवावा. मग तिला आपलं वजन तेवढं दुप्पट झाल्यासारखं वाटेल. दृश्य थोडं मिळमिळीत होईल, पण मुलगी जगेल.

कॉमिकवाल्यांनी एकदा ही चूक पोटात घेऊन तिचीच गोष्ट केली होती. १९७३ साली स्पायडरमॅनच्या १२१ व्या अंकात त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, तो जाळं फेकून तिला पकडतो, वर ओढून घेतो, आणि बघतो तर ती गेलेली. पुढे वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना संपादकांनीच सांगितलं की जाळ्याने ती एकदम थांबली, त्या हिसक्यानेच तिचा जीव गेला. मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेम्स काकालिओस हेच उदाहरण घेऊन विद्यार्थ्यांना न्यूटनचे नियम शिकवत.

पण खरी गंमत पुढे आहे. थिएटरात बसलेल्या कुणालाही हे पाच टन खटकत नाहीत. मी स्वतः आयुष्यभर हीच गणितं करत आलोय, तरी मलाही त्या वेळी खटकत नाहीत. माझा खानापूरचा भाचा मात्र बेळगावात शो संपल्यावर वेगळ्याच गोष्टीवर अडून बसला होता. "मामा, ह्यो उडायलाय ते राहूदे. पण मघाशी एका मिनटात अख्ख्या दुनियेला फेरी मारून आला, मग आता पूल पडायलाय तर ह्याला कुठं ट्राफिक लागलं?"

कथेतलं भोक म्हणतात ते हेच. निसर्गाचा नियम मोडला तर प्रेक्षक खुशाल माफ करतो. गोष्टीने स्वतः घातलेला नियम तिनेच मोडला, की तो हिशोब मागतो.

हा निव्वळ हट्टीपणा नाही, मनाची घडणच तशी आहे. अँड्र्यू श्टुलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांना जादूच्या मंत्रांबद्दल प्रश्न विचारले. मंत्राने बास्केटबॉल हवेत तरंगवणं अवघड, की बोलिंगचा जड चेंडू? खरं तर जादूच ती, तिला वजनाचं काय? तरीही लोकांचा कौल जड चेंडू अवघड असाच पडला. म्हणजे अशक्य गोष्ट मान्य केली तरी तिच्या आत आपण कार्यकारणभाव शाबूत ठेवतो. एक मोठी थाप पचवायची तयारी असते. पण त्या थापेतून पुढे काय निघायला हवं, याचा ताळा मन गुपचूप घालत राहतं.

म्हणून मुंगीएवढा होणारा नायक मला सगळ्यात जास्त छळतो. २०१५ च्या 'अँटमॅन'मध्ये सांगितलंय की पोशाखामुळे अणूंमधलं अंतर कमी होतं, वस्तुमान तेवढंच राहतं, म्हणून त्याची इवलीशी गुद्दीसुद्धा पुऱ्या माणसाच्या जोराची. ठीक, मान्य. आता १८० सेंटिमीटरचा माणूस सव्वा सेंटिमीटरचा झाला, म्हणजे उंची सुमारे दीडशेपट घटली. मग तळपायाचं क्षेत्रफळ दीडशे गुणिले दीडशे, म्हणजे २२,५०० पट घटलं. वजन तेच, तर पायाखालचा दाब २२,५०० पट. हा गडी जिथे पाय ठेवेल तिथे फरशीला भोक पाडून खाली जायला हवा. तो मात्र मुंगीच्या पाठीवर बसून उडतो. त्याहून कहर म्हणजे त्याचा गुरू आख्खा रणगाडा छोटा करून किल्ल्यांच्या जुडग्यात घालून फिरतो. वस्तुमान तेवढंच म्हणालात ना? मग खिशात कित्येक टन घेऊन हे गृहस्थ खुर्चीवर बसतात कसे? भौतिकशास्त्राचं राहू द्या, पाऊण तासापूर्वी तुम्हीच दिलेला शब्द तुम्ही मोडलात, तक्रार एवढीच.

चष्म्याचंही तसंच. सुपरमॅन एरवी क्लार्क केंट नावाचा बातमीदार म्हणून वावरताना चष्मा लावतो आणि कुणाला ओळखू येत नाही, यावर १९३८ पासून लोक हसत आलेत. यॉर्क विद्यापीठातल्या रॉबिन क्रेमर आणि के रिची यांनी २०१६ साली हे तपासूनच पाहिलं. अनोळखी चेहऱ्यांचे दोन-दोन फोटो दाखवून विचारलं, माणूस एकच की वेगवेगळे? दोन्ही फोटोंत चष्मा असला किंवा दोन्हींत नसला, तर सुमारे ८० टक्के उत्तरं बरोबर येत. एकात चष्मा आणि दुसऱ्यात नाही असं झालं, की ती ७४ टक्क्यांवर घसरत. म्हणजे परक्या माणसाला चष्मा थोडाफार चकवतो. पण हे अनोळखी चेहऱ्यांपुरतं झालं. ओळखीचा चेहरा आपण अंधुक फोटोतही ओळखतो. लोइस लेन रोज त्याच्या शेजारच्या टेबलावर काम करते, आणि ती लेचीपेची नाही, भल्याभल्यांची बिंगं फोडणारी बातमीदार आहे. हे गोष्टीनेच आपल्याला ठासून सांगितलंय. खटकतं ते तिथे.

उलट संगीत सौभद्र घ्या. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ते रंगभूमीवर आणलं. त्यात अर्जुन संन्यासी होऊन द्वारकेत येतो आणि बलरामाला आपला सख्खा आतेभाऊ ओळखू येत नाही. चष्म्यापेक्षा ही थाप कितीतरी मोठी! तरी प्रेक्षकातून कुणी ओरडत नाही, कारण बलरामाचा भोळा, तापट स्वभाव आधीच पक्का केलेला असतो, आणि त्याचं फसणं हेच त्या नाटकाचं चाक आहे. कृष्ण सगळं जाणून आहे हे आपल्यालाही ठाऊक असतं. थाप गोष्टीच्या कामाला लावलेली आहे, सोय म्हणून चिकटवलेली नाही.

मग थिएटरात असताना ही भोकं दिसत का नाहीत, आणि निपाणीची शेवटची बस निम्म्या वाटेवर पोचली की मगच का दिसायला लागतात? आधी एक प्रश्न. सीतेच्या स्वयंवरात लक्ष्मणाने शिवधनुष्य मोडल्यावर संतापून कोण आलं होतं? बहुतेकजण झटकन सांगतील, परशुराम. धनुष्य रामाने मोडलं हे शाळकरी पोरालाही माहीत आहे, पण प्रश्नाच्या ओघात लक्ष्मण खपून जातो, कारण तो रामाच्या आसपासचाच. १९८१ साली एरिकसन आणि मॅटसन यांनी बायबलमध्ये प्राण्यांना तारवात घेणाऱ्या नोहाच्या जागी मोझेस घालून हाच प्रयोग केला होता. माहिती असूनही लोक फसले. समोरचं वाक्य मन अक्षर न् अक्षर तपासत नाही, साधारण जुळतंय ना एवढं बघून पुढे सरकतं.

दुसरा प्रयोग मला त्याहून आवडतो. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० साली वाचकांना एक गोष्ट दिली आणि जिथे खोटं, न पटणारं वाटेल तिथे खुणा करायला सांगितल्या. जे वाचक गोष्टीत जास्त रंगले होते, त्यांनी कमी खुणा केल्या. म्हणजे भोक किती मोठं आहे यापेक्षा तुम्ही किती रंगलात यावर ते दिसणं अवलंबून. हाणामाऱ्यांत रंग टिकवायला फारसं लागत नाही, आवाज मोठा केला की झालं. म्हणून आत असताना दिग्दर्शक जिंकतो आणि बसमध्ये भाचा.

२०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मधला खलनायक थॅनोस याचा उत्तम नमुना. विश्वात तोंडं फार झाली, अन्न पुरत नाही, म्हणून चुटकीसरशी अर्धे जीव नाहीसे करायचे. तो हे इतक्या शांतपणे सांगतो की बाहेर येऊन बरेच जण म्हणत होते, तसं चूक नाही त्याचं. आता आकडे बघा. त्या वर्षी पृथ्वीवर सुमारे ७६० कोटी माणसं होती. त्याची निम्मी ३८० कोटी, आणि तेवढी लोकसंख्या १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला होतीच. म्हणजे जग पन्नासेक वर्षं मागे जाणार, आणि पुढची पन्नास-सत्तर वर्षं सरली की पुन्हा तिथेच. ७० ला वाढीच्या टक्क्यांनी भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. दर एक टक्का धरला तर सत्तर. विश्व वाचवायला निघालेल्याने दर दोन पिढ्यांनी चुटकी वाजवत बसायचं का? आणि हातमोज्यात वाट्टेल ते करणारे खडे असताना अन्नच दुप्पट का केलं नाही, हा तर बालवर्गातला प्रश्न. या माणसाला चक्रवाढ कुणी शिकवलेली दिसत नाही.

हा प्रश्न जुन्या गोष्टी सांगणाऱ्यांना चुकला नव्हता. मारुती एवढा बलवान, मग त्याने लंकेतून सीतेला तेव्हाच का आणलं नाही? कीर्तनात असा प्रश्न पुढे बसलेला म्हातारा हमखास काढणार. वाल्मीकींनी त्याचं उत्तर सुंदरकांडातच देऊन ठेवलंय. मारुती तिला पाठीवरून न्यायला तयार असतो, तीच नको म्हणते. रामाने यावं, रावणाला हरवावं आणि न्यावं. आणि एवढं बळ असून तो समुद्रकाठी गप्प का बसला होता? लहानपणी ऋषींनी शाप दिला होता की कुणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझं बळ आठवणार नाही. मग जांबवंत आठवण देतो. फार ताकदवान पात्र गोष्टीत आणलं की पहिली अडचण हीच येते, की सगळं हाच का करत नाही. इथे दोन्ही भोकं बुजवली आहेत, आणि बुजवताना सीतेचा मानी स्वभाव आणि मारुतीचा साधेपणा जास्तीचा पदरात पडलाय. समोर बसून टोकणारे श्रोते असले की गोष्ट अशी घट्ट होत जाते.

हॉलिवूडच्या महाखर्चिक सिनेमांत तारीख आधी ठरते आणि गोष्ट मागून येते. २०१४ च्या ऑक्टोबरात 'अँटमॅन', 'इन्फिनिटी वॉर' काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने एकाच कार्यक्रमात २०१९ पर्यंतच्या सिनेमांच्या तारखा जाहीर करून टाकल्या होत्या. मग मधे काहीही होवो, तारीख हलवणं महाग पडतं, त्यापेक्षा कात्री स्वस्त. सुपरमॅन आणि इतर नायकांना एकत्र आणणाऱ्या 'जस्टिस लीग'चं काय झालं बघा. २०१७ मध्ये अर्ध्या वाटेत दिग्दर्शक बदलला, बरंचसं चित्रण नव्याने झालं आणि सिनेमा १२० मिनिटांत बसवला गेला. (त्या फेरचित्रणाच्या वेळी सुपरमॅनच्या नटाला दुसऱ्या सिनेमासाठी मिशी ठेवावी लागली होती, ती कॉम्प्युटरवर पुसली. वरचा ओठ अजून बघवत नाही.) २०२१ साली पहिल्या दिग्दर्शकाची आवृत्ती आली, २४२ मिनिटांची. दुप्पट लांब असूनही ती कळायला सोपी आहे. खलनायक ही धडपड का करतोय, हे तिच्यात कळतं: त्याला धन्याची मर्जी परत मिळवायची आहे. सायबॉर्ग नावाचा नायक आणि त्याचा बाप यांचं काय बिनसलंय तेही कळतं. आधीच्या आवृत्तीत हाणामाऱ्या राहिल्या आणि त्यांमागची कारणं उडाली.

कारणं उडाली की काय जातं, हे टॉम ट्रबॅसो आणि पॉल व्हॅन डेन ब्रूक यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं. ज्या घटनेला आधीच्या-नंतरच्या घटनांशी कार्यकारणाचे जास्त धागे असतात, ती लोकांना जास्त महत्त्वाची वाटते आणि जास्त लक्षात राहते. दोन शहरं उद्ध्वस्त होऊनही आठवड्याने काहीच आठवत नाही, त्याचं कारण हेच.

'इन्फिनिटी वॉर'च्या पुढच्या भागाने, २०१९ च्या 'एंडगेम'ने, तर नियम तोंडाने बोलून दाखवला: भूतकाळात जाऊन काही बदललंत, तर तुमचा वर्तमान बदलत नाही, नवी फांदी फुटते. शेवटी कॅप्टन अमेरिका हा नायक मागे जातो, तिथेच संसार करतो आणि म्हातारा होऊन तळ्याकाठच्या बाकावर बसलेला दिसतो. तो त्याच काळात गुपचूप जगला, की दुसऱ्या फांदीवरून आला? दिग्दर्शक रुसो बंधू म्हणाले, दुसऱ्या फांदीवरून. पटकथा लिहिणारे मार्कस आणि मॅकफीली म्हणाले, इथेच होता. त्याच्या हातातली ढाल अखंड आहे, जी लढाईत फुटली होती. त्यामुळे माझं मत दिग्दर्शकांच्या बाजूने पडतं. पण मग परत येताना तो काळात मागेपुढे नेणाऱ्या यंत्राच्या चौथऱ्यावर का उतरला नाही, बाजूच्या बाकावर कसा पोचला, हे सांगायला १८१ मिनिटांत जागा मिळालेली नाही.