अज्ञानाचा पडदा

अज्ञानाचा पडदा : समाजाचे मूलभूत नियम न्याय्य आहेत की नाहीत हे ताडून पाहण्यासाठी अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स (1921–2002) यांनी 1971 मध्ये सविस्तर मांडलेला वैचारिक प्रयोग. ज्या समाजात जन्मभर राहायचे, त्याचे नियम ठरवायला माणसे एकत्र बसली आहेत. पण आपण श्रीमंताघरचे की कंगालाघरचे, धडधाकट की अपंग, बहुसंख्य धर्माचे की अल्पसंख्य, तल्लख की बेताच्या बुद्धीचे, हे त्यांतल्या कोणालाच ठाऊक नाही. माणसाला जगायला काय लागते आणि समाज साधारण कसा चालतो, एवढेच ज्ञान त्यांच्यापाशी उरले आहे. या अवस्थेला रॉल्स ‘मूळ स्थिती’ म्हणतात, आणि स्वतःविषयीचे हे न कळणे म्हणजेच ‘अज्ञानाचा पडदा’.

ज्याने वाटे करायचे त्याने आपला वाटा शेवटी उचलायचा, हा भावंडांमधला नियम याच जातीचा. तिथे वाटे समान करणे शहाणपणाचे ठरते, कारण उरलेला वाटा आपल्याच पदरी येणार असतो. पडद्याआडच्या माणसाचेही तसेच आहे. गुलामगिरी ठेवायची का, असे विचारले तर तो मालकाच्या फायद्याचा हिशेब मांडत बसणार नाही. कारण डोळे उघडतील तेव्हा आपण गुलामाच्या जागी असू शकतो. परोपकाराची अपेक्षा न करता, स्वार्थालाच निःपक्षपाती करून घेणारी ही युक्ती आहे.

समाज हा करारावर उभा आहे, हा विचार लॉक, रूसो आणि कांट या आधीच्या तत्त्वज्ञांकडून आलेला. हंगेरीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जॉन हार्सान्यी यांनीही 1953 मध्ये अशीच कल्पना वापरली होती. पण अशा स्थितीत माणूस सरासरी कल्याण सर्वाधिक करणारी व्यवस्था निवडेल, असे त्यांचे म्हणणे. रॉल्स यांना हे मान्य नाही. पणाला लागलेले असते अख्खे आयुष्य, आणि ते एकदाच मिळते. म्हणून माणूस जुगार टाळेल आणि दोन तत्त्वे स्वीकारेल. पहिले, प्रत्येकाला समान मूलभूत स्वातंत्र्ये. दुसरे, विषमता चालेल, पण पदे खऱ्या अर्थाने सर्वांना खुली हवीत आणि त्या विषमतेतून सर्वांत खालच्या थरातल्यांचे जास्तीत जास्त भले व्हायला हवे. पहिले तत्त्व आधी. अधिक पैशाच्या बदल्यात स्वातंत्र्य विकता येत नाही.

या मांडणीच्या मुळाशी नशिबाविषयीचा एक विचार आहे. घर, शरीर, बुद्धी, इतकेच काय, कष्ट करण्याची वृत्तीसुद्धा माणसाला बरीचशी आयती मिळते. ती त्याची कमाई नव्हे. रॉल्स लहान असताना त्यांच्या आजारांचा संसर्ग होऊन दोन धाकटे भाऊ एकापाठोपाठ दगावले आणि ते स्वतः वाचले. प्रस्तुत लेखकाच्या मते नशिबाचा हा विचार हेच पडद्याचे खरे बळ आहे, मग दोन तत्त्वे पटोत वा न पटोत.

आक्षेप अनेक आहेत. संपत्ती आभाळातून पडत नाही, कोणीतरी ती निर्माण करते, हा तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांचा 1974 मधला मुद्दा. नाती, श्रद्धा, समूह वजा केल्यावर निवड करणारा ‘मी’ उरतो तरी कोण, असे तत्त्वज्ञ मायकेल सँडेल विचारतात. स्त्रीवादी विचारवंत सुझन ओकिन यांनी दाखवले, की मूळ मांडणीत वाटाघाट करणारे कुटुंबप्रमुख होते, त्यामुळे घराच्या आतला अन्याय नजरेआड राहिला. सर्वांत वजनदार आक्षेप तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स यांचा म्हणावा लागेल : पडदा माणसाच्या ओळखीबरोबर इतिहासही झाकतो, आणि ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला त्यांच्या भरपाईचा प्रश्न विषयपत्रिकेवर येतच नाही.

नॉर्मन फ्रोलिच आणि जो ओपनहायमर या अभ्यासकांनी 1980 च्या दशकात विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांवर हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला. आपल्या वाट्याला कोणते उत्पन्न येणार हे कळण्याआधी गटाने वाटपाचा नियम ठरवायचा होता. रॉल्स यांचे तळच्या माणसाला अग्रक्रम देणारे तत्त्व जवळजवळ कोणीच निवडले नाही. मात्र नुसती सरासरी वाढवावी, असेही थोड्याच गटांनी म्हटले. बहुतेकांनी आधी कोणीही ज्याच्या खाली जाणार नाही अशी किमान मर्यादा आखली, आणि मगच सरासरी वाढवायला संमती दिली.