तसं असतं, तर आणखी काय दिसलं असतं?

पुण्यात प्लेग म्हटलं की रँड आठवतो. घरात घुसून घेतलेल्या झडत्या, माणसं उचलून छावणीत नेणं, सामानाची होळी, आणि मग २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या. सरकार सांगेल ते खोटंच, ही भावना त्या वर्षी इथल्या घराघरांत रुजली आणि तिला सबळ कारणही होतं. पण त्याच प्लेगच्या लशीची एक हकिकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सरकारी अहवाल तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिच्यातून फार चांगलं कळतं.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ही लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या काही वर्षांत ती लाखो लोकांना दिली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात (आज ते पाकिस्तानात आहे) पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या ‘५३ एन’ असा शिक्का असलेल्या एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकोणीसही जण दगावले.

चौकशी आयोग नेमला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स त्याचे प्रमुख होते. निष्कर्ष निघाला की बाटली गावात उघडण्याआधीच, म्हणजे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, दूषित झाली होती. हाफकिन यांनी लस बनवण्याच्या पद्धतीतून कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक वगळलं होतं, त्यावर बोट ठेवलं गेलं. त्यांचं पद गेलं, नाव बदनाम झालं. न्यायाधीश, तज्ज्ञ, शिक्के, सह्या, सगळं रीतसर होतं.

मलेरियाचा डासांशी असलेला संबंध शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी ही कागदपत्रं पुन्हा वाचली. सरकार वाईट आहे, म्हणून अहवाल खोटा, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. बाटली परळमध्येच दूषित झाली असेल, तर आणखी काय दिसायला हवं होतं? धनुर्वाताचे जंतू त्या द्रवात कित्येक आठवडे वाढले असते, आणि त्यांची वाढ झालेला द्रव सणकून घाण मारतो. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांनी तर ती हुंगून पाहिली होती आणि वास आला नव्हता. उलट दूषित होणं गावातच घडलं असेल, तर काय दिसेल? ताजा, वास नसलेला द्रव, आणि मातीशी कुठेतरी आलेला संबंध, कारण धनुर्वाताचे बीजाणू (म्हणजे त्या जंतूंची टणक, सुप्त रूपं) मातीत असतात. बूच काढायचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो आगीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या द्रावणात बुचकळून वापरला होता. हट्टी बीजाणूंना तेवढं पुरत नाही.

जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केलं. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचं नाव दिलं गेलं. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती त्या डॉक्टरांची हुंगण्याची सवय. सगळा युक्तिवाद अखेर एका न आलेल्या वासावर उभा राहिला.

आज शंका घेणाऱ्यांची कमतरता नाही. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर ‘हे तुम्हाला कुणी सांगणार नाही’ असं सांगणारा एखादा मजकूर येतोच. त्यातली शंका रॉस यांच्या शंकेपेक्षा वेगळी आहे, कारण ती कशानेच हरत नाही. पुरावा मिळाला तर म्हणणं खरं, आणि नाही मिळाला तर तो दडपला गेला, म्हणून आणखीनच खरं! कोणती गोष्ट दिसली तर आपण चुकलो असं मानू, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या संशयाला मी चिकित्सा म्हणणार नाही.

हाच प्रश्न पुण्यात २००८ साली एका फार जुन्या समजुतीला विचारला गेला. पत्रिकेवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगता येते, असा ज्योतिषांचा दावा असतो. ‘आयुका’ या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि एके काळी स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी तो तपासायचं ठरवलं. शाळेत चमकणाऱ्या १०० आणि मतिमंद अशा १०० मुलांच्या जन्मवेळा जमवून पत्रिका मांडल्या. त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. कोणती पत्रिका कोणाची, याची नोंद पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात बंद राहिली, म्हणजे पत्रिका पाठवणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसावं. (रँड ज्या समारंभाहून परतत होता, तो गव्हर्नरच्या बंगल्यात झाला होता. तो बंगला म्हणजेच आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत.)

प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका मिळणार होत्या आणि प्रत्येक मूल कोणत्या गटातलं, एवढंच सांगायचं होतं. नाणं उडवून उत्तरं दिली तरी सरासरी २० बरोबर येतील. मग किती आली तर दावा खरा मानायचा? हा आकडा निकाल फोडण्याआधी ठरला होता: २८. गणित केलं तर दिसतं की नुसत्या अंदाजाने २८ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता शेकडा एकापेक्षाही कमी आहे. योगायोगाला फार वाव नाही आणि विद्येलाही पुरेशी संधी आहे, अशी ती जागा होती.

५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याची २४ उत्तरं बरोबर होती. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, तिची १०२ बरोबर आली, म्हणजे ५१ टक्के.

त्या २४ च्या आकड्यापाशी जरा थांबायला हवं, कारण लोकांची श्रद्धा नेमकी तिथेच तयार होते. २७ माणसांनी डोळे मिटून ४०-४० वेळा नाणी उडवली, तर त्यांतल्या किमान एकाला २४ किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के आहे. म्हणजे कुणीतरी पुढे जाणार हे जवळजवळ ठरलेलंच असतं, कोण ते तेवढं ठरलेलं नसतं. पण अशा पुढे गेलेल्या माणसाकडे जाऊन आलेले लोक ‘त्यांचं अगदी तंतोतंत खरं ठरतं हो’ असं सांगतात, आणि बाकीच्या सव्वीस जणांबद्दल कुणी बोलत नाही. सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांच्यापर्यंत हिशेबाचा एकच रकाना पोचलेला असतो.

अशा चाचणीवर एक आक्षेप हमखास येतो, की जन्मवेळा अचूक नसतील. नसतीलही. पण ज्योतिषाकडे एरवी येणाऱ्या जन्मवेळाही अशाच आईवडिलांनी सांगितलेल्या असतात. त्या इथे चालत नसतील, तर रोजच्या पत्रिकांनाही चालू नयेत. दुसरी गोष्ट मात्र मान्य करायला हवी: या चाचणीने बुद्धिमत्तेचा एकच दावा तपासला. ज्योतिषाचे बाकीचे दावे तिने तपासलेले नाहीत, आणि तपासले असं म्हणणंही चूक ठरेल. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातच, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. प्रश्न विचारण्याची किंमत या शहराला माहीत आहे.

नारळीकरांनी विज्ञानातल्या सर्वमान्य मतावरही शंका घेतली होती, आणि तिचं काय झालं हेही सांगायला हवं. विश्व महास्फोटातून जन्मलं, हे त्यांनी कधी सिद्ध झालेलं मानलं नाही. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत ते स्थिर स्थिती विश्वाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही या मताच्या बाजूने उभे राहिले. महास्फोट झाला असेल तर आणखी काय दिसायला हवं, याचं उत्तर राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच दिलं होतं: सगळीकडून येणारं, निरपेक्ष शून्याच्या (तापमानाच्या सर्वांत खालच्या मर्यादेच्या) वर जेमतेम ५ अंश तापमानाचं क्षीण प्रारण, म्हणजे किरणोत्सर्ग. ते १९६५ मध्ये खरोखर सापडलं. आजच्या मोजणीनुसार त्याचं तापमान २.७ अंश आहे. स्थिर स्थितीला हा मोठा धक्का होता.

हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये सुधारित सिद्धांत मांडला. ते प्रारण म्हणजे जुन्या ताऱ्यांचा प्रकाश असून अंतराळातल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांनी तो शोषून पुन्हा बाहेर टाकलेला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना ते पटलं नाही, आणि पुरावे पाहता मलाही महास्फोटाची बाजू भक्कम वाटते. पण त्यांनी आपली शंका समीकरणांत मांडली, ती शोधपत्रिकांत छापली, आणि सुया कशाच्या, केवढ्या, किती, हेही सांगितलं. त्यामुळे दुसऱ्यांना ती खोडता आली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तोवर ते अल्पमतातच राहिले.

पुण्यात आणखी एक चाचणी व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं, आणि ती गुणमिलनाची. ३६ पैकी १८ गुण जुळले नाहीत, किंवा एकनाड निघाली, म्हणून इथे आजही चांगली स्थळं परत जातात. दावा खरा असेल तर कमी गुणांच्या जोडप्यांत घटस्फोट जास्त दिसायला हवेत. सोपं वाटतं, पण एक अडचण आहे. कमी गुणांची बहुतेक लग्नं होतच नाहीत, आणि होतात त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून त्या आकड्याची सावली असते. घरात भांडण झालं की तो आकडा आठवतो. ठरवून, पत्रिका पाहून केलेल्या लग्नांवरून म्हणूनच काही कळणार नाही. पत्रिका कधीच न पाहता लग्न केलेली जोडपी हवीत. त्यांतली काही टिकलेली, काही विभक्त झालेली. त्यांच्या जन्मवेळा घेऊन गुण नंतर काढायचे, आणि ते काढणाऱ्याला कोणतं जोडपं कोणत्या गटातलं हे ठाऊक नसावं. अशी जोडपी पुण्यात आता भरपूर आहेत.