दंड की किंमत? ब्रिटनमधल्या बँक शुल्कांच्या वादाची पार्श्वभूमी

खात्यात दोन-चार पौंड कमी पडले, चेक वटला नाही आणि बँकेने त्यापोटी तीस-पस्तीस पौंड कापून घेतले. ब्रिटनमध्ये २००५च्या सुमारास हे नित्याचेच होते. त्या कपातीने खाते आणखी खाली जाई, पुढचे बिल परत येई आणि पुन्हा तेवढीच कात्री लागे. पगार उशिरा झालेला माणूस या चक्रात महिनोन्‌महिने फिरत राही.

या वादाचे मूळ शोधायला टायरच्या दुकानात जावे लागते. ठरलेल्या दरापेक्षा स्वस्त विकलेल्या प्रत्येक टायरमागे ५ पौंड द्यायचे, अशी अट डनलॉप कंपनीने विक्रेत्यावर घातली होती. त्या खटल्यात १९१४ साली न्यायाधीश लॉर्ड ड्युनेडिन यांनी कसोटी घालून दिली: करार मोडल्याने होणाऱ्या नुकसानीचा तो प्रामाणिक अंदाज असेल तर रक्कम वसूल करता येईल, नुसता धाक बसवण्यासाठी असेल तर तो दंड, आणि असा दंड न्यायालय वसूल करून देणार नाही. खटला डनलॉपने जिंकला, पण कसोटी मागे उरली. नव्वद वर्षांनी खातेदारांनी तीच बँकांपुढे धरली. संगणकाने आपोआप काढलेल्या एका पत्राला पस्तीस पौंड खर्च येतो कसा?

जोडीला १९९९चे अन्याय्य करार-अटींविरुद्धचे नियम होतेच. एप्रिल २००६ मध्ये ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने क्रेडिट कार्डावरचे १२ पौंडांपेक्षा जास्त दंडशुल्क अन्याय्य मानले जाईल, असे जाहीर केले आणि बचत-चालू खात्यांच्या ग्राहकांनाही बळ आले.

मार्ग साधा होता. माहिती संरक्षण कायद्याखाली जास्तीत जास्त १० पौंड भरून जुनी स्टेटमेंट मागवायची, मुदतीच्या कायद्यात बसणाऱ्या सहा वर्षांतली कपात जोडायची, बँकेला पत्र लिहायचे आणि दाद मिळाली नाही तर छोट्या दाव्यांच्या न्यायालयात जायचे. वकील लागत नसे. बहुतेकदा सुनावणीआधीच बँक पैसे परत करी, तेही ‘सद्भावना म्हणून’, चूक कबूल न करता. माझ्या मते यात सद्भावना कमी आणि प्रतिकूल निकालाची भीती जास्त होती.

दाव्यांचा पूर आला तेव्हा जुलै २००७ मध्ये सात बँका आणि नेशनवाइड ही गृहकर्ज संस्था यांच्याशी ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ने चाचणी खटला, म्हणजे ज्याच्या निकालावर बाकीच्या दाव्यांची दिशा ठरेल असा खटला, लढवायचे ठरले आणि बाकीचे दावे लटकले. उच्च न्यायालय व अपील न्यायालय, दोन्हीकडे बँका हरल्या. पण २५ नोव्हेंबर २००९ रोजी, नुकत्याच सुरू झालेल्या सर्वोच्च न्यायालयाने पारडे फिरवले. ही शुल्के म्हणजे खाते चालवण्याच्या एकंदर सेवेच्या किमतीचाच भाग आहेत, आणि सेवेच्या मानाने किंमत रास्त आहे की नाही, हे १९९९च्या त्या नियमांखाली तपासता येत नाही, असे पाचही न्यायमूर्तींचे मत पडले. बँकांच्या चालू खात्यांच्या उत्पन्नातला तीस टक्क्यांहून अधिक वाटा याच शुल्कांचा होता. शिल्लक राखणाऱ्यांना खाते फुकट मिळे ते याच पैशावर. शुल्के न्याय्य आहेत, असे मात्र न्यायालयाने म्हटले नव्हते. वर्तमानपत्री मथळ्यांत हा फरक हरवला.

ऑस्ट्रेलियात खातेदारांना २०१२ मध्ये एक दार उघडे मिळाले, कारण करार मोडला नसतानाही शुल्क दंड ठरू शकते, असे तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटले. पण २०१६ मध्ये उशिरा भरण्याच्या शुल्कावर बँकच जिंकली. दरम्यान २०१५ मध्ये ब्रिटननेही डनलॉपची कसोटी सैल करून ‘वैध हितसंबंधा’चा निकष आणला होता, म्हणजे करार पाळला जाण्यात समोरच्याचे रास्त हित असेल आणि रक्कम त्या मानाने अवाजवी नसेल तर ती चालेल.

जे न्यायालयात जमले नाही ते शेवटी नियामकाने केले. एप्रिल २०२०पासून ओव्हरड्राफ्टवरची, म्हणजे शिल्लक नसताना खात्यातून केलेल्या उचलीवरची, ठरावीक शुल्के बंद झाली, फक्त व्याज उरले; विनापरवानगी ओव्हरड्राफ्टला जादा दर लावायचीही बंदी आली. मग बहुतेक मोठ्या बँकांनी सगळ्यांनाच ४० टक्क्यांच्या आसपास व्याज लावले, ज्यांनी पूर्वी परवानगी घेऊन स्वस्तात उचल केली होती त्यांनासुद्धा.